दाढेला टोपी

सौंसरच्या त्या नव्या दवाखान्याच्या दारात एक तरुण पायपुसणं झटकत होता. बाबांना बाकावर बसवून केतकीनं त्याला हळूच विचारलं, "डॉक्टर कसे आहेत जी? लुटत त नाहीत?"

"हात हलका आहे त्यायचा," तो गंभीरपणे म्हणाला. "माणूसही वाईट नाही."

पाच मिनिटांनी तोच पांढरा कोट घालून खुर्चीजवळ उभा... डॉक्टर गौरव. केतकीचे कान तापले. पहिल्याच भेटीत थाप मारणारा माणूस बाबांच्या दाढेशी काय खरं वागणार?

तिचा संशय उगाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरून मोडलं होतं. मुलाची सरकारी नोकरी निव्वळ बनाव निघाली. तेव्हापासून मोहगावच्या शाळेतली ही मास्तरीण ताकही फुंकून प्यायची. गौरवला तर तिनं प्रश्नांनी भंडावून सोडलं.

"वरचा दात काढला का नजर जाते म्हणतात?"

"नाही जात. माहा वरचा दात काढला आहे, नजर तपासून पाहा."

"सफाईनं दात हलतात?"

"नाही. जमलेला थर निघते, म्हणून मोकळं वाटते."

"पोट्ट्यायचे दुधाचे दात पडणारच आहेत, मग किडले त भरायचे कायले?"

"दुखतात म्हणून. अन् पक्क्या दातांची जागा राखतात म्हणून... अजून काही, मॅडम?"

उत्तरं सरळ होती. नजर मात्र जरा जास्तच रेंगाळायची. केतकीला ते आवडायचं, आणि म्हणूनच तिला त्याची भीती वाटायची.

दाढेची नस साफ करायला तीन खेपा झाल्या. दर चिठ्ठीवर खाली लिहिलेलं — सोबत घरचं माणूस आणणे. तिसऱ्या खेपेला गौरव म्हणाला, "काका, आता टोपी घालावी लागते."

बाबा ताडकन उठून बसले. "आयकलं का, बाई? तोंडावर सांगून राहिला हा."

"दाढेले, काका... दाढेले टोपी," गौरव गडबडला.

केतकीला हसू फुटलं, पण मनातली पाल चुकचुकतच राहिली. दुसऱ्याच दिवशी बाबांना घेऊन तिनं पांढुर्णा गाठलं. तिथल्या वयस्क डॉक्टरीणबाईंनी दाढ नीट न्याहाळली. "काम चोख आहे. टोपी बसवून घ्या, नाहीतर दाढ तुटेल."

"सोबत कुणी लागते का?"

"कशाला? लोक एकटेच येतात की."

चौथ्या खेपेला टोपी बसली. बाबा चूळ भरायला बाहेर गेले, तशा केतकीनं सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. "सोबत घरचं माणूस... हे कोणत्या इलाजात येते, डॉक्टर?"

गौरवचा चेहरा उतरला. "कोणत्याच नाही. तुम्ही यावं म्हणून लिहिलं. इलाजात एक अक्षर खोटं नाही, पण हे खोटंच होतं. चुकलं माझं."

खोटं बोलून ते कबूल करणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होता.

"सरळ विचारता नसतं आलं?"

"आल्या असत्या?"

"नाही."

"मग आता विचारतो..." त्याचा आवाज खाली गेला. "मले तुम्ही आवडता, केतकी. काकांशी बोलायले घरी येऊ?"

तिनं टेबलावरच्या चिठ्ठ्या गोळा करून पर्समध्ये ठेवल्या. "दुसरीकडे कुठं ठरलेलं त नाही?"

"नाही."

"मग रविवारी या," ती म्हणाली. आणि ही एवढी एक गोष्ट तिनं दुसऱ्या कुणालाही विचारून पडताळली नाही.