ढोलवाल्याची मान

लाइट गेली, तसं मामांना आयतंच फावलं. भाचे सतरंजीवर जवळ सरकले.

"घडलेलं सांगतोय. आमच्या गल्लीतल्या चष्मेवाल्याच्या बाबतीत."

चष्मेवाला त्या दिवशी दोस्ताच्या घरी त्याच्या खेळातल्या सैनिकांचा खोका आणायला गेला होता. दोघांना एकच वेड: दोन पेरांएवढे धातूचे सैनिक रंगवायचे आणि टेबलावर जुन्या लढाया खेळायच्या. दोस्त महिन्यापूर्वी गेला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्यांची पलटण तुम्हीच सांभाळा. फक्त रंगाला हात लावू नका. उद्या छोटीला घेऊन येते बघायला. तो निळ्या मिशांचा ढोलवाला तिनं रंगवलाय, बाबांच्या मांडीवर बसून."

"छे, हात कसला लावतोय."

"आणि लावला?" धाकट्या भाच्यानं विचारलं.

"तूच सांग मग गोष्ट."



चष्मेवाल्यानं घरी पलटण मांडली. सगळं झकास, पण ती निळी मिशी डोळ्यांत खुपायला लागली. पुढच्या आठवड्यात सामना, लोक हसतील. एकच तर आहे, पोरीला काय कळतंय! त्यानं ढोलवाल्याला रंग उतरवायच्या बाटलीत बुडवलं, जुन्या टूथब्रशनं घासलं. मिशी गेली. ढोलावर इवल्या बोटाचा ठसा उमटला होता, तोही गेला. तेव्हा कुठे वहिनींचे शब्द आठवले. तशीच मिशी पुन्हा काढू म्हणून ब्रश उचलला, पण हात सरावलेला. इतकं वाकडं काही जमेना. काढली, पुसली. काढली, पुसली. शेवटी ढोलवाल्याला बाटलीत टाकून झोपला.

डिसेंबरातला दुसरा शनिवार. रात्रीचे पावणेदोन. बाहेरच्या खोलीत आवाज.

टिक... टिक...

ब्रश पाण्यात खळबळून ग्लासाच्या काठावर आपटावा, तसा.

बायको असेल. त्यानं हात लांबवला. बायको शेजारीच होती.

टिक...

"कोण?"

...

खुर्ची सरकली. हळू. कुणीतरी जपून उठावं तशी.

तो उठला नाही. उजाडेपर्यंत नाही.

सकाळी ढोलवाला बाटलीबाहेर, रांगेत उभा. उघडा, नुसता धातू. तेवढ्यात बेल वाजली. छोटी धावत टेबलाशी आली. मागे वहिनी.

"वहिनी, माझ्याकडून..."

छोटीनं ढोलवाला उचलला. रंगाबद्दल चकार शब्द नाही.

"काका, हा तर समोर बघायचा."

धाकटा भाचा मामांना आणखी चिकटला.

"मग?"

"मग काय... मी हातात घेऊन पाहिलाय तो. ओतीव शिसं. मान पार पाठीकडे वळलेली. ना चीर, ना सांधा."