पोटातला गोळा

टेबलावर नव्वी, अठ्ठी, सत्ती उघडली आणि ऋजुता खांडेपारकरच्या पोटात गोळा आला. हातात तिच्या आणखी दोन नव्व्या होत्या. एखादा नवशिका इथे हुरळून गेला असता. पण ओमाहा पोकरमध्ये प्रत्येकाकडे चार पानं असतात. त्यातली नेमकी दोन आणि टेबलावरची तीन धरून डाव बनवायचा. एवढ्या पानांत गुलाम-दश्शीची जोडी कुणाकडे तरी असायचीच, आणि मग ती सलग पाच पानं तुमच्या तीन नव्व्यांना गिळतात. समोरच्या शिरोडकरांनी पूर्ण पॉट लावला, म्हणजे डावात जमलं होतं तेवढं सगळं. याहून जास्त लावायची या खेळात मुभाच नाही. ऋजुताने पानं टाकली. शिरोडकरांनी गुलाम-दश्शी दाखवली आणि सावज सुटलं म्हणून नाराजीने मान हलवली.

तो गोळा तिचा नव्हताच. कानामागे चिकटवलेल्या धास्तीपट्टीचा होता. ही पट्टी चष्म्यातल्या कॅमेऱ्यातून पानं बघते, लाखो डावांशी ताडते आणि तुमचं चुकणार असेल तर कानापासून पोटापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूला चिमटा काढते. आकडे नाहीत, सल्ला नाही, नुसती भीती, तीही बेताची. बंदी घालून थकल्यावर मांडवीवरच्या या तरंगत्या कॅसिनोने तिला परवानगी देऊन टाकली होती. आठ महिन्यांत ऋजुताच्या अंगात एकच गोष्ट मुरली: पोट शांत, तर धोका नाही.

चारच्या सुट्टीत ती काचेपलीकडच्या गॅलरीत गेली. तिचा नवरा मकरंद तिथे खुर्चीत बसला होता.

"सकाळपासून छातीत जड वाटतंय गो," तो म्हणाला. "डावा हातही दुखतोय."

एसीत बसूनही त्याच्या कपाळावर घाम होता. ऋजुताने तो पाहिला. पोट शांतच होतं.

"बांगडा बाधला असेल. सोडा घे थोडा. चार डाव झाले की निघू."

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटलं असतं तर कळलं असतं की मला."

बाई दुष्ट नव्हती हो. पूर्वी या माणसाला साधा ताप आला तरी ही अख्ख्या बिल्डिंगची झोप उडवायची.

सुट्टी संपली. पुढच्या डावात सलग पाच पानं ऋजुताकडेच जमली होती. तेवढ्यात टेबलावर चौथं पान पडलं, तिसरं इस्पीक. आता कुणाकडे दोन इस्पिकं असतील तर पाच इस्पिकांपुढे तिची रांग मातीमोल. शिरोडकरांनी पुन्हा पूर्ण पॉट लावला. तिने विचार करायला मान वर केली, तर काचेपलीकडे मकरंद खुर्चीतून खाली घसरत होता. एक वेटर त्याच्याकडे धावला.

तिच्या पोटात गोळा आला. हातपाय गार पडले, छाती धडधडायला लागली. आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. नवरा पडला की बायकोला जशी भीती वाटायला हवी, तशी ती वाटत होती. ती उठली आणि हातातली पानं टेबलावर टाकून दिली.

पानं हातातून सुटली आणि पोट शांत झालं. छातीची धडधड थांबली. हात कोमट झाले. मकरंद अजून जमिनीवर पडलेला होता.

तिने पट्टी ओरबाडून काढली आणि ती धावली. धावायचं असतं हे तिला माहीत होतं म्हणून धावली. कॅसिनोच्या माणसांनी मकरंदला उचलून बोटीत घातलं. धक्क्यावर ॲम्ब्युलन्स बोलावली होती. त्याचे ओठ राखाडी पडले होते. कुणीतरी विचारलं, त्रास कधीपासून होता. "सकाळपासून," ऋजुता म्हणाली.

मकरंदने तिचा हात धरला. "घाबरू नकोस."

"नाही घाबरत," ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं. ती त्याच्या चेहऱ्याकडे एकटक बघत राहिली, पोटात काहीतरी हलेल म्हणून वाट बघत. काही हललं नाही. ते पोट आपलं आपण भ्यायला पुन्हा शिकेलही कदाचित. पण तोवर या माणसासाठी भिणार कोण?