टॉवेल कोण टाकतं?

शहाद्याच्या स्टँडवर नंदुरबारची बस लागली, तशी भाविकाने खिडकीतून टॉवेल टाकून सीट धरली. धक्काबुक्की करत ती आत पोचली, तर सीटवर एक चष्मेवाला ऐसपैस बसलेला… आणि टॉवेलची नीट घडी त्याच्या मांडीवर.

"उठा. हाऊ टॉवेल मन्हा शे."

तो उठला, पण हसत. "गंमत आहे. कालच वर्गात शिकवलं, टॉवेल टाकणं म्हणजे इंग्रजीत हार मानणं. हरणारा बॉक्सर टॉवेल टाकतो ना, त्यावरून."

"हारनारा नही टाकस, सर." भाविकाने बॅगेतून डोकावणारे ग्लोव्हज आत ढकलले. "त्यानी बाजूना मानूस टाकस. ज्याले त्याना मार देखवस नही, तो."

चष्मेवाल्या हेमकांत सरांनी टॉवेल तिला परत दिला. मग म्हणाले, "खरंय. त्याआधी तर स्पंज फेकायचे… मीच अर्धवट शिकवलं. उद्या वर्गात सांगतो."

चूक इतक्या सरळ कबूल करणारा मास्तर तिने पहिल्यांदाच पाहिला. ती खिडकीकडे सरकली. शेजारी जागा झाली.

मग रोजच होऊ लागली.

जिल्ह्याच्या फायनलला रंजनाबाई कोच दुसऱ्या रिंगमध्ये अडकल्या. टाळ्या वाजवायला आलेल्या हेमकांतच्या हातात त्यांनी टॉवेल कोंबला. "फार लागतंय वाटलं, तर टाक."

भाविकाने त्याला आधीच बजावलं होतं, माझ्या लढतीत टॉवेल टाकणाऱ्याचं मी पुन्हा तोंड पाहणार नाही.

दुसऱ्या राउंडला तिचं नाक फुटलं. तिने कोपऱ्याकडे पाहिलं. हेमकांतचा चेहरा पांढराफटक, टॉवेलचा हात वर गेलेला. तिने फक्त मान हलवली. नाही. हात खाली आला.

ती हरली, दोन गुणांनी. पण शेवटच्या घंटेला ताठ उभी होती, आणि टाळ्या तिलाच जास्त पडल्या.

"काबर नही टाका?" नाकाला बर्फ लावत तिने विचारलं.

"तू नही म्हनी." त्याचे डोळे भरून आले. पुस्तकी मराठी कुठच्या कुठे गेली. "मन्हा जीव अर्धा व्हई ग्या, भाविका… पन तू उभी व्हती. माले तुना गर्व वाटना."

भाविका त्याच्याकडे बघत राहिली. मार खाताना न हललेली पोरगी आता जरा हलली. पण मान ताठच होती.

"रविवारले मन्हा घर ये," ती म्हणाली. "बाबासंगे बोल. मी इचारत नही, सांगस."