आईसाठी निवडलेलं लिनक्स

२०४३ सालच्या हिवाळ्यात इरावतीच्या आईच्या संगणकाची मुदत संपत आली. यंत्र धडधाकट होतं. पण त्यातल्या कार्यप्रणालीला (संगणक चालवणाऱ्या मूळ व्यवस्थेला) सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं आता थांबणार होतं. आजारपणात आईची वाचा गेली होती, हातही हलत नव्हते. ती पडद्यावरच्या अक्षरांकडे पाही, कॅमेरा तिची नजर टिपे आणि संगणक तिच्यासाठी बोले. तो बिघडला तर आई पुन्हा मुकी होणार होती.

"यावर लिनक्स घालू," भास्करआजोबा म्हणाले. ते आईचे वडील, संगणकशास्त्रज्ञ.

इरावतीने शोधलं आणि ती चक्रावली. "आजोबा, मिंट, डेबियन, फेडोरा... नावं संपतच नाहीत! यातलं खरं लिनक्स कुठलं?"

"सगळीच खरी. लिनक्स म्हणजे नुसता कर्नल (यंत्र आणि प्रोग्रॅम यांना जोडणारा गाभा). त्याच्याभोवती जो तो आपल्या गरजेचे प्रोग्रॅम रचतो. अशा तयार संचाला डिस्ट्रो म्हणतात. कणीक तीच गं, कुणी पोळी लाटतं, कुणी पुरी."

"मग सगळ्यात नवी घेऊ!"

"आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघू. यंत्रातलं काही पुसलं जात नाही."

नवी डिस्ट्रो देखणी होती. आईने 'पाणी' लिहायला नजर लावली. पण तिच्या नजरेमागे फिरणारा पडद्यावरचा बाण थरथरत भलत्याच अक्षरांवर गेला. संगणक काहीतरी अगम्य बोलला. आईने डोळे मिटून घेतले.

इरावती वैतागली. "वाईट आहे ही!"

"वाईट नाही. नव्याची हौस असणाऱ्याला छानच. पण ताजं ते सगळं पारखलेलं नसतं. निवडतोय कुणासाठी?"

मग इरावतीने देखणेपण बाजूला ठेवलं. कॅमेरा चालेल का? मराठी आवाज मिळेल का? अडलं तर विचारायला माणसं आहेत का? शोधता शोधता एक साधीशी डिस्ट्रो सापडली, दीर्घकालीन आधार (वर्षानुवर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या) असलेली. तीही तिने आधी पेनड्राइव्हवरूनच सुरू केली.

या वेळी बाण स्थिर राहिला.

"आई, ही चालेल?"

आईची नजर एकेका अक्षरावरून सरकत गेली. मग संगणक बोलला, "अक्षरं मोठी कर. खूप बोलायचंय."

इरावतीने डोळे पुसले, अक्षरं मोठी केली. "आजोबा, मोठी झाले की नजरेने बोलणाऱ्यांसाठी मीच डिस्ट्रो रचेन."

"रच की. गाभा सगळ्यांना खुला आहे."

"आधी," आईचा आवाज आला, "जेवून घे."