पिवळ्या हेडचं पोट

पिवळ्या हेडचं पोट रिकामं ठेवायचं नाही आणि का, ते विचारायचं नाही. शर्वाणी दुबईजवळच्या रास अल खैमात, तेलविहिरींची अवजारं ठेवायच्या यार्डात इंजिनिअर म्हणून लागली, तेव्हा मालक आत्मारामकाकांनी आधी हे सांगितलं. हेल्मेट कुठे मिळेल ते नंतर.

हेड म्हणजे माणसाएवढा लोखंडी नळा. तो तेलविहिरीच्या पाइपवर बसवतात. आतला रबरी प्लग सोडला की तो सिमेंट ढकलत खाली जातो आणि जाताजाता बाजूची लोखंडी पट्टी खाली पाडतो. प्लग गेला, हे वरच्यांना त्यावरून कळतं.

आज पिवळं हेड विहीर खणणाऱ्या रिगवर निघालं होतं. तपासणीची सही शर्वाणीची.

"आतून बघितल्याशिवाय सही नाही करणार."

"बाहेरून बघ ना, बेटा," वसईचे फोरमन विल्फ्रेड अंकल म्हणाले. "मी लग्नाआधी पर्लला बाहेरूनच बघितलं."

"आणि आंटी अजून पस्तावतायत."

काकासुद्धा हसले. "यल्ला, चल पोरी. ट्रेलर उभा आहे."

"झाकण बंद असलं की तुमच्या पिढीला सगळं ठीकच वाटतं," म्हणत तिने पाना लावला, झाकण उघडलं आणि पोट भरलेलं राहावं म्हणून आत ठेवलेला तडकलेला जुना प्लग उपसून काखेत धरला. आत टॉर्च मारला. तळाशी यार्डातली वाळू दिसली.

"बघा. भूत सोडा, पालसुद्धा नाही."

फट्.

पट्टी खाली पडली.

पायांखाली काहीतरी घासत निघालं... खोल, आणखी खोल... मग दबका ठोका. विहिरीच्या तळाशी प्लग टेकतो, तसा. ओल्या सिमेंटचा वास आला. यार्डाखाली विहीर नव्हती. प्लग तर तिच्या काखेत होता.

"प्लग घाल आत..." काका पुटपुटले. "सही कर. खलास."

"आणि रिगवर प्लग सोडल्यावर? तेव्हाही हे रिकामंच होणार. बाजूला माणसं असतील, काका."

"तिथे विहीर असते..." विल्फ्रेड हळूच म्हणाले. "त्याला जायला जागा असते."

"कोणाला?"

तिने पेनाचं टोपण लावलं.

"सही करणार नाही. हे हेड इथून हलणार नाही. आणि कोण ते सांगेपर्यंत मीही हलणार नाही."

काकांनी विल्फ्रेडकडे पाहिलं, विल्फ्रेडनी वाळूकडे.

तेवढ्यात पट्टी सावकाश वर उचलली गेली... आतून, खालून वर काही सरकावं तशी.