पुठ्ठ्याचा किल्ला, कापडाची नदी

संगीताच्या सरांचा घसा बसला आणि अकरावीच्या पोरांना ऑपेरा दाखवायचं काम गणिताच्या बाईंच्या गळ्यात पडलं. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

नाट्यगृहाच्या दारात तिनं छत्री झटकली... आणि समोरचा माणूस ओलाचिंब!

"माफ करा हं—"

"असू द्या. आजची अंघोळ राहिलीच होती."

पोरं फिसकन हसली. तो निघाला नेपथ्यकार; पोरांना रंगमंच दाखवणार होता तोच. पुठ्ठ्याचा किल्ला, चौघांनी टोकं धरून हलवायची निळ्या कापडाची नदी... सगळं दाखवत तो सांगू लागला, "किल्लेदाराच्या मुलीचा नावाड्यावर जीव जडतो. बाप नाव जाळतो. मुलगी पुरात उडी घेते आणि मरते."

"अहो, शेवटच सांगून टाकलात!"

"तो सगळ्यांना ठाऊक असतो, मॅडम. लोक येतात ते ती मरताना कशी गाते, ते ऐकायला."

"नाकातोंडात पाणी गेल्यावर?"

"गणित शिकवता वाटतं?" तो हसला. तिचे कान उगाचच तापले.

दिवे मंदावले. तो तिच्याच शेजारी येऊन बसला. पंचेचाळिशीची, भरल्या अंगाची गायिका षोडशा म्हणून आली तेव्हा पोरं खुसखुसली. मग तिनं सूर लावला. माईक नाही, काही नाही— नुसता गळा! साऱ्या वाद्यांवरून तो आवाज आला आणि खुर्चीच्या लाकडातून हाडांत उतरला. पोरं चिडीचूप. शब्द परके होते, पण गणिताच्या बाईंना सगळं कळत होतं. नदी फुगत गेली, कड्यावर मुलगी एकटी...

"नको!"

अख्ख्या सभागृहात ऐकू गेलं. ती स्वतःच ओरडली होती.

पडदा पडल्यावर ती डोळे पुसत पुटपुटली, "हसं झालं ना माझं?"

"छे! या कापडावर मी वर्षभर खपलो. त्यात बुडणाऱ्या मुलीसाठी कुणाचा जीव असा कळवळलेला पहिल्यांदाच पाहिला." तो अडखळला. "खरं सांगू? शेवटी मी रंगमंचाकडे पाहतच नव्हतो... परवा आमचा मुक्काम हलतोय. त्याआधी पुन्हा भेटाल?"

बाहेर बसचा भोंगा वाजला. ती उठली, थांबली.

"उद्याच्या खेळाला येईन. एकटीच."

"ती उद्याही मरणारच आहे."

"म्हणून तर..." ती हळूच म्हणाली, "तेव्हा धरायला एक हात हवाय."

त्यानं नुसता हात पुढे केला— आणि उद्याची वाट न पाहता तिनं तो धरला.