चुलाणाची वीट

संक्रांत चार दिवसांवर आली होती आणि मी भर दुपारी, गुऱ्हाळाच्या चुलाणामागे, पोट धरून लपून बसले होते.

लपायचं ठरवून कुणी घरून निघतं का? थोरल्या बहिणीच्या वस्तीवर तिळाची पिशवी पोचवायची, एवढंच काम होतं. सोनईहून निघाले तेव्हा चांगली ठणठणीत होते. पण ओढा ओलांडला आणि ओटीपोटात ती ओळखीची कळ आली... दोन दिवस आधीच! पाय उचलेना. डोळ्यांपुढे अंधारी आली. समोर आप्पासाहेबांचं गुऱ्हाळ होतं, वारा बोचरा होता, आणि चुलाणाची मागची भिंत छान तापलेली होती. काही विचार न करता मी तिला कंबर टेकून बसले.

ऊब लागली आणि मग विचार आला. तो आल्याबरोबर माझ्या अंगावर सर्रकन काटा उभा राहिला. या दिवसांत बाई गुऱ्हाळावर फिरकली तर गूळ बसत नाही, हे आमच्याकडे लहान मुलींनाही ठाऊक असतं.

"कोन हाय तिकडं?"

चुलाणाच्या कडेने एक तरुण वाकून बघत होता. डोक्याला टावेल, कपाळावर घाम, हातात रसाची मळी काढायचा लांब दांड्याचा झारा. मी ओळखलं. गहिनीनाथ गुळव्या! गूळ शिजवायला पाथर्डीकडून दर हंगामाला यायचा. सहा हंगामांत त्याची एकही काहील बिघडली नव्हती, असं आमचे दादा कौतुकाने सांगायचे. आणि आज मी तिथे बसले होते...

"मी... जाते," मी म्हणाले. पण उठता आलं नाही.

त्याने माझ्या पोटावरच्या हाताकडे पाहिलं. मग पटकन दुसरीकडे.

"रस जास्ती झाला वाटतं पोटात?"

मी रसाचा थेंबही घेतला नव्हता. "व्हय... रसच," मी म्हणाले.

"तसं व्हतं." तो हसला नाही, पण ओठांचा एक कोपरा हलला.

तो गेला आणि आला. चुलाणाच्या तोंडाजवळची एक वीट त्याने टावेलात दोन पदरी गुंडाळून आणली होती. माझ्या हातात न देता समोर ठेवली. "आधी हात लावून बघा. चटका बसत आसंल तर जरा दम धरा. मंग पोटावर धरा." पाठोपाठ पितळी पेल्यात ओवा, सुंठ आणि गूळ घालून उकळलेलं पाणी आलं. "गड्यांची पोटं रस पिऊन बिघडत्यात, म्हून ओवा ठेवतो मी."

वीट पोटाशी धरली आणि आत आवळलेली मूठ कुणीतरी हळूहळू उघडावी तसं वाटलं. डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा तो काहिलीपाशी उभा होता... आणि वाफेच्या आडून माझ्याकडेच बघत होता.

"सगळ्या गड्यांना टावेल देता का?" मी विचारलं. कुठून आलं धाडस, देव जाणे.

"गड्यांना नुसता ओवा."

मी खाली बघितलं. गाल तापले ते काही विटेने नव्हे. पण दुखणं ओसरलं तशी भीती वर आली. कुणी पाहिलं तर? घरी आत्याला कळलं तर? मी वीट खाली ठेवली आणि उठून तडक चालू लागले.

"अवो, थांबा की जरा! एवढी काहील—" आणि मग गड्यांवर त्याची ओरड ऐकू आली, "उतरवा, उतरवा!"

मी मागे वळून पाहिलं नाही. वस्तीवर न जाता तशीच घरी परतले. घरी पोचल्यावर ध्यानात आलं, त्याचा टावेल माझ्या हातातच होता.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच बोलणं. गहिनीनाथची काहील बिघडली! ढेप बसलीच नाही. गूळ पळीने वाढावा तसा पातळ राहिला. मी पडवीच्या कोपऱ्यात पोत्यावर बाजूला बसलेली होते, टावेल पोत्याखाली दडवून. बाया दारातून बोलत जायच्या आणि मी एकेक शब्द झेलत राहायचे.

"कोन तरी इटाळशी फिरकली आसंल."

"आप्पासाहेब शोध घ्यायलेत म्हनं."

त्याने मला पाहिलं होतं. त्याला नुसतं तेवढंच सांगायचं होतं. इतकी वर्षं कमावलेला लौकिक एका दुपारी गेला, तो का म्हणून गप्प बसेल?

आणि मला भीती नुसत्या गुळाची नव्हती. केशरआत्याच्या नशिबाची होती. आत्यालाही दर महिन्याला असंच दुखायचं. लग्नाला चार वर्षं झाली, मूल झालं नाही, आणि सासरच्यांनी तिला आणून आमच्या दारात सोडलं. सासू जाताना म्हणाली होती, "दर म्हैन्याला लोळती. हिच्या पोटातच खोट हाय." मी पहिल्यांदा कळवळले तेव्हा आत्याने आधी दार लावलं होतं. एरंडाचं पान तव्यावर गरम करून माझ्या पोटावर ठेवता ठेवता ती कुजबुजली होती, "बनू, कुनाला दिसू देऊ नगं. लगीन व्हायचंय तुझं." तेव्हापासून मी ओठ चावून दुखणं गिळत आले होते. त्या दुपारचं बाहेर आलं असतं तर मीही आत्यासारखी, जन्मभर त्या पडवीत...

चौथ्या दिवशी न्हाऊन उठले तर आत्याने सांगितलं, चुलाणात चिपाडं घालणाऱ्या छबूबाईवर आळ आलाय. आज तिला कामावरून काढणार. छबूबाईचा बिचारीचा काय दोष? मी ताट बाजूला सारलं. शेवटी तिळाची पिशवी पुन्हा उचलली, आत टावेल घातला आणि निघाले. ओढ्यापर्यंत तीनदा मागे फिरले.

गुऱ्हाळावर आप्पासाहेब ओरडत होते. "खरं बोल छबे! त्या दिशी तू बाहेरची हुतीस का न्हाई?"

"देवाशप्पत न्हाई, मालक!" छबूबाई रडत होती.

मी पुढे झाले. "आप्पासाहेब... त्या दिवशी—"

"चूक माझी हाय," गहिनीनाथ मोठ्याने म्हणाला. माझ्याकडे न बघता.

"तुजी?"

"पाकाची गोळी बघितलीच न्हाई मी. कच्चाच उतरवला."

सगळे थक्क झाले. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, त्याची गोळी वळते का बघायचं आणि मगच काहील उतरवायची. गुळव्या जेवण विसरेल, पण हे विसरायचा नाही.

"आरं, मग डोळे कुठं गेल्ते तुझे?"

गहिनीनाथ खाली बघून झारा पुसू लागला. कान मात्र लालबुंद झाले होते. छबूबाईने डोळे पुसता पुसता त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पिशवीतून डोकावणाऱ्या टावेलाकडे पाहिलं... आणि पदर तोंडाला लावला. आप्पासाहेब त्याला चार शब्द सुनावून, तणतणत उसाकडे निघून गेले.

"माझ्यासाठी खोटं का बोललात?" मी हळूच विचारलं.

"खरंच बोललो. तू उठून चाललीस. मला वाटलं, आत्ता गाठलं न्हाई तर कुठली कोन, परत दिसायची न्हाई. गोळी बघायला येळ कुठं हुता?"

"पण मी... त्या दिवशी रस प्याले नव्हते."

"म्हाईत हाय."

"आणि तरी बसू दिलंत?"

"आमच्या अक्काला असंच दुखायचं. आई न्हवती आमाला. ईट मीच तापवायचो, ओवा मीच उकळायचो. आमच्या गुऱ्हाळावर काहिलीशेजारीच बसायची ती. गुळाला कधी काय झालं न्हाई."

मला पुढचं विचारायचं होतं, पण उत्तराची इतकी भीती वाटली की शब्द तुटले. "आणि... अक्का... आता?"

"सासरी हाय. दोन लेकरं हायेत. थोरला लई द्वाड!"

मी मटकन खाली बसले आणि रडले. किती वर्षांची भीती होती ती! आत्याला एवढं साधं कुणी सांगितलंच नव्हतं. आज घरी गेल्यावर तिला हे सांगायचं होतं. दार उघडं ठेवून.

तो गोंधळून झारा या हातातून त्या हातात घेत राहिला. मी डोळे पुसून टावेल पुढे केला.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडं," तो म्हणाला. "ईट गुंडाळायला लागंल की दर म्हैन्याला."

"आणि तापवणार कोण?"

बोलून तर गेले. आप्पासाहेबांसमोर उभं राहतानाही इतकं भ्याले नव्हते.

"त्या दिशी तू सोनईच्या वाटंनं गेलीस. तितं माझी मावशी ऱ्हाती," तो अगदी हळू म्हणाला. "तिला उद्या तुमच्या घरी धाडली... तर तू व्हय म्हनशील?"

वाफ आमच्या मध्ये दाटून आली होती. मी त्या वाफेतच म्हणाले, "व्हय."

"गहिनी, पाक आला रं!" छबूबाई ओरडली.

तो वळला. थेंब पाण्यात टाकला, गोळी बोटांनी नीट दाबून बघितली, गड्यांना हाक मारून काहील उतरवली, आणि मग घाम पुसत माझ्याकडे आला.

"आता बोल," तो म्हणाला. "मघाशी माझं सगळं ध्यान पाकाकडं हुतं. पुन्यांदा म्हन."